खाडीला पहिला नंबर

कांदिवली,
११ जानेवारी २०२६

नेत्रा,

‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच फाडलं असतंस, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. शाळेच्या नंबरवर केला तर शिपाईमामा म्हणतात, मॅडम वर्गावर आहेत. सकाळी साडेसातला वर्गावर, दुपारी दीडलाही वर्गावर. इतकं तर आपल्याला पार्ल्याच्या कॉलेजात कोणीच शिकवलं नव्हतं. शेवटी पोस्ट. चारकोपच्या पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरची बाई म्हणाली, ‘राखीला अजून वेळ आहे.’ बाईमाणसाने पत्र टाकायचं दुसरं कारण तिला सुचलंच नाही.

आधी भांडून घेते, मग बाकीचं.

२१ डिसेंबरला तुमच्या धक्क्यावर जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. सेल्फी पॉइंट कंपनीचा. तो लोखंडी बदाम, त्यातली ‘माझा पाडा’ अशी दिव्यांची अक्षरं, मागच्या भिंतीवर रंगवलेली ती गोरीपान कोळीण, सगळं त्यांचं. कंपनीचे साहेब माइकवर काय बोलणार हे मला आधी कोणी दाखवलं नव्हतं. ‘तुम्हीच आमच्या सर्व्हेत सुशोभीकरणाला सगळ्यात जास्त आकडे दिलेत आणि खाडीच्या पाण्याला सगळ्यात कमी, तुमच्या इच्छेचा मान राखून आज हे लोकार्पण’ हे वाक्य मी तुझ्यासारखंच तिथे बसून ऐकलं. मग त्यांनी सर्व्हेला मदत केल्याबद्दल अंजनामावशीला स्टेजवर बोलावलं आणि गुच्छ दिला. सगळ्या पाड्यासमोर. टाळ्या मीही वाजवल्या, कबूल आहे. स्टेजवर बसवलेला माणूस दुसरं काय करतो?

त्यानंतर पाड्यावर काय काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलंय. अंजनाबाईने घरी बसून सगळ्यांचे कागद स्वतःच भरले, अंजनाबाई कंपनीला फितूर झाली. पण तू? तू मला दारात अडवून म्हणालीस, ‘तुझ्यामुळे माझी आय फितूर ठरली. परत या दारात दिसू नकोस.’ पंधरा वर्षं ज्या दारात मी चपला काढून सरळ चुलीपर्यंत जात होते, त्या दारात.

माझं काम काय आहे हे तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. ‘तू कंपन्यांची पर्यावरणाची प्रगतिपुस्तकं लिहितेस’ एवढ्यावर तू मला गप्प करायचीस. तर ऐक. अहवाल लिहिण्याआधी कंपनीशी संबंध असलेल्या सगळ्यांना विचारायचं असतं की कोणता विषय किती महत्त्वाचा. पैसे गुंतवणारे, कामगार, माल पुरवणारे आणि शेजारची वस्ती, म्हणजे तुमचा पाडा. त्यांचे आकडे एकत्र करून सरासरी काढायची आणि एक रेघ मारायची. ऑफिसात तिला थ्रेशोल्ड म्हणतात. रेघेच्या वरच्या विषयाला अहवालात प्रकरण मिळतं, जबाबदार माणूस मिळतो, काम पुरं करायची तारीख मिळते. खाडीचं पाणी वर आलं असतं तर नाल्यातून खाडीत सोडण्याआधी कारखान्याचं सांडपाणी साफ करू अशी तारीख कंपनीला लिहून द्यावी लागली असती. ते खाली राहिलं. कारण पाड्याने खाडीच्या पाण्याला दिलेली सरासरी होती १.३. पाचपैकी एक पूर्णांक तीन! एकशे शहाऐंशी घरांचे एकशे शहाऐंशी कागद. आकडे तुमचे होते, नेत्रा. मी काय माझ्या मनाने बदलायचे होते? कागद भरताना काही घोळ झाला असेल तर मला कोणीच काही सांगितलं नाही.

कागद घेऊन दारोदार जायला मावशीला मीच सांगितलं, हे खरं. परक्या पोरीला पाड्यावर कोण दार उघडणार? मावशीला सगळी दारं उघडायची.

झालं भांडून. आता बाकीचं म्हणजे काही नाही. आई गेल्यापासून घरात मी आणि फ्रीज. फ्रीज निदान मधूनमधून आवाज करतो. रविवारी अकरा वाजले की माझे पाय तुमच्याकडे यायला निघतात आणि मी त्यांना परत आणून टीव्हीसमोर बसवते. दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

अक्षता

&nbsp;

कांदिवली,
२५ जानेवारी २०२६

नेत्रा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. की मावशीने घेऊन गादीखाली ठेवलंय? चौदा दिवसांत मी खालची पत्रपेटी अठ्ठावीस वेळा उघडली. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, आणि कोणा अनिरुद्धच्या लग्नाची पत्रिका, ती वरच्या मजल्यावरची निघाली.

काल पार्ल्याच्या बाजारात गेले होते. मावशीला भेटायला. तुला राग येईल, पण गेले. तुमच्या पाड्याच्या बायका बसतात ती रांग आठव. त्या इतक्या खेटून बसतात की एकीच्या मांदेलीवर दुसरीच्या कोळंबीचं पाणी उडतं आणि त्यावरून रोज वाजतं. काल मावशी एका टोकाला होती आणि तिच्या शेजारी दोन पाट्या मावतील एवढी फरशी मोकळी होती. त्यानंतर सोनूबाई आणि बाकीच्या, नेहमीसारख्या खेटून. गिऱ्हाइकं त्या मोकळ्या फरशीवर उभी राहून सोनूबाईशी घासाघीस करत होती. मावशीकडे कोणी बघत नव्हतं.

मी समोर जाऊन उभी राहिले. मावशीने वर पाहिलं आणि म्हणाली,

‘काय देऊ, ताई?’

ताई! मला! आईच्या तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी डब्यात बांगड्याचं तिखलं घेऊन चारकोपला आली होती ती. मला समोर बसवून, काटे काढून, ‘खा गो, आता रडशील ती पोटभर खाऊन रड’ म्हणणारी. मी म्हटलं, मावशी, मी अक्षू. तर म्हणाली, ‘मांदेली ताजी हाय. घेवा की नको?’ मी घेतली. तिने मोजून वाटा दिला, वर एकही मासा टाकला नाही. घरी येऊन साफ करायला बसले आणि रडू आलं. मी काय रडकी नाही हे तुला माहीत आहे. ऑफिसात मला ‘खडूस’ म्हणतात.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आकडे माझे नव्हते. बरोबर आहे. रेघ मात्र माझी होती, ते लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, गाळलं.

रेघ आधी ३.२५ वर होती. पाड्याने एवढे कमी आकडे देऊनही सगळ्यांची मिळून पाण्याची सरासरी ३.३ आली होती. म्हणजे पाणी वर होतं, जेमतेम, पण वर. अकरावा विषय. आमचे चंद्रप्रकाश सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, ‘ग्यारह क्यों? दस रखो ना यार. बोर्ड को दस अच्छा लगता है.’ मी रेघ ३.५ वर नेली. माऊसने ओढायची असते. पाणी खाली गेलं, दहा विषय राहिले, सर म्हणाले परफेक्ट, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही की रेघ सव्वातीनवर हवी की साडेतीनवर. हे काम करणाऱ्याच्या निर्णयावर सोडलेलं असतं. मी दोन्ही बाजूंनी पानभर कारणं लिहून देऊ शकते आणि दोन्ही पानं तितकीच छान दिसतील. त्या दिवशी मी साडेतीनच्या बाजूचं पान लिहिलं.

हेही लिहिते. ज्यांनी तुमची खाडी नकाशातसुद्धा पाहिली नसेल त्या पैसे गुंतवणाऱ्यांनी पाण्याला जवळजवळ चार दिले होते. आणि निवट्यांसारखे चिखलातले मासे धरायला गुडघाभर त्या पाण्यात उतरणाऱ्या बायकांनी एक. मावशीच्या पोटऱ्यांवरचे फोड मी पाहिलेत, मलम मीच आणून द्यायचे. मग मला हे विचित्र वाटलं नाही का, असं तू विचारशील. वाटलं होतं.

काहीतरी कळव गं. शाळेच्या पत्त्यावर येऊ का? नको म्हणालीस तरी ते उत्तर होईल.

अक्षता

&nbsp;

कांदिवली,
८ फेब्रुवारी २०२६

नेत्रा,

आज घासाघीस नाही, सरळ लिहिते. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ‘कागद भरताना काही घोळ झाला असेल तर मला कोणीच सांगितलं नाही’ हे वाक्य खोटं आहे. मला सांगितलं होतं, आणि मावशीनेच.

तू आता हे मास्तरणीसारखं वाच.

मूळ फॉर्म इंग्रजीत होता, सव्वीस विषयांचा. पाड्यासाठी मी त्यातले पाचच ठेवले: खाडीचं पाणी, हवा, रोजगार, शाळेला मदत, सुशोभीकरण. मराठी मी केलं. वर सूचना लिहिली, ‘खालील विषयांना महत्त्वाप्रमाणे १ ते ५ नंबर द्या.’ खाली दुसरी ओळ होती, ‘५ म्हणजे सर्वात महत्त्वाचे.’ ती पानात मावेना. मागच्या बाजूला छापलं तर कोणी उलटून बघत नाही, म्हणून मी ती ओळ काढून टाकली. मला वाटलं, यात न कळण्यासारखं काय आहे?

दिसली का चूक? तुला एका सेकंदात दिसली असेल. ‘गुण द्या’ लिहायला हवं होतं. मी ‘नंबर द्या’ लिहिलं. पाच विषय आणि एक ते पाच नंबर. तुझ्या वर्गात पोराला पाचपैकी पाच गुण पडले तर तो खूश. पाचवा नंबर आला तर तो रडेल. आणि या मुंबईत कुठल्याही चांगल्या गोष्टीला माणूस काय म्हणतो? एक नंबर! पाड्याने खाडीला एक नंबर दिला, नेत्रा. एकशे शहाऐंशी घरांनी. आणि त्या लोखंडी बदामाला सगळ्यात शेवटचा, पाचवा. कंपनीने नेमकं तेच आणून धक्क्यावर उभं केलं.

तू तेव्हा पाड्यावर असतीस तर पहिल्याच कागदाला म्हणाली असतीस, ‘अक्षू, वाट लागली, हे उलटं आहे.’ पण २०२४चा तो नोव्हेंबर, तू इलेक्शन ड्युटीवर होतीस.

आता मावशीचं. जानेवारीत अंधेरीच्या ऑफिसात बसून मी स्वतः कागदावरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होते. चाळिसावा की एक्केचाळिसावा कागद मावशीचा होता. खाडीपुढे १ लिहिला होता. आकडा पुरेसा वाटला नसेल तिला, म्हणून शेजारी तिच्या वाकड्या अक्षरात दोन शब्द लिहिले होते. ‘पयली खाडी.’

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. समोरच्या टेबलावरच्या शर्मिष्ठाने विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, अक्षर लागत नाहीये. आणि १ भरला. पुढचा कागद घेतला.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. प्रत्येक आकडा सहातून वजा करायचा. एकाचे पाच होतात, पाचाचा एक. मी ते घरी करून पाहिलं. पाणी ३.३ वरून ४.१५ वर गेलं. सगळ्या यादीत दुसरं. रेघ साडेतीनवर असती तरी वर, चारवर असती तरी वर. मी ती फाइल बंद केली. कारण फॉर्म माझा होता. चूक सांगितली असती तर सरांनी विचारलं असतं, मराठी कोणी केलं? आणि एप्रिलमध्ये मला मॅनेजर करणार होते. केलं. तुमच्याकडेच पेढे आणले होते मी. मावशीने माझी दृष्ट काढली होती.

म्हणजे रेघ ओढताना मला माहीत होतं. ‘दस रखो’ म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं. पाणी रेघेखाली गेलं की त्या कागदांकडे पुन्हा कोणी बघणार नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला आहे कोण? आई असती तर सांगितलं असतं का, तेही माहीत नाही. लिहून झाल्यावर हलकं वाटेल अशी समजूत होती, तसं काही झालेलं नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, एकटीचा भात आहे आणि भूक नाही.

मी तुमच्या गावकीच्या महादूकाकांना फोन केलाय. २२ तारखेला गावकीची मिटिंग आहे. मी येऊन सगळ्यांसमोर बोलणार आहे. येऊ नको म्हणायचं असेल तर त्याआधी लिही. लिहिलंस तर मला अक्षर तरी दिसेल तुझं.

अक्षता

&nbsp;

कांदिवली,
२३ फेब्रुवारी २०२६

नेत्रा,

काल मिटिंगला तू दाराजवळ बायकांत बसली होतीस. निळा ड्रेस. मी ‘मला वर्षापूर्वीच माहीत होतं’ म्हणाले आणि तू उठलीस. म्हणजे तू माझी पत्रं उघडलीच नव्हतीस. मला वाटलं होतं, तू निदान वाचतेस. तीन पत्रं मी भिंतीशी बोलत होते.

तू गेल्यानंतर काय झालं ते तुला मावशी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. हे तरी उघड.

मी मावशीच्या कागदाची झेरॉक्स हात उंच करून दाखवली. महादूकाकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, ‘पयली खाडी.’ मग काका म्हणाले, ‘म्हंजे आमी सगल्यांनी बरोबर लिवला व्हता?’

मी हो म्हटलं. ‘तुमचं सगळ्यांचं बरोबर होतं. मावशीने एकाही घराचा कागद स्वतः भरलेला नाही. शब्द माझा चुकला. आणि चुकलाय हे कळल्यावर मी गप्प बसले.’

‘वरीसभर?’

‘वर्षभर.’

मागून कोणीतरी शिवी दिली. ती मला लागू होती म्हणून मी तिकडे बघितलं नाही. सोनूबाई उठली आणि मावशीच्या शेजारी जाऊन बसली. अगदी मांडी खेटून. मावशीनेही तिच्याकडे पाहिलं नाही, पण सरकून जागा दिली.

मग मावशी उभी राहिली. मला म्हणाली, ‘त्या रेघेला तुमी हापिसात काय बोलता?’

‘थ्रेशोल्ड.’

‘म्हंजे काय?’

‘उंबरठा, मावशी.’

‘मग आमची खाडी उंबऱ्याभायेर ठेवलीस तू. मी तुला कवा उंबऱ्याभायेर ठेवली व्हती?’

मला वाटलं ती रडेल, किंवा मला मारेल, आणि यांपैकी काहीही झालं असतं तरी मला चाललं असतं. ती शांतपणे म्हणाली, ‘माजं नाव धुतलंस, बरं झालं. आता खाडी कोन धुनार ते सांग.’

मी म्हटलं, मी कंपनीला लिहिते. ती म्हणाली, ‘लिव.’ आणि खाली बसली. या सगळ्यात तिने मला अक्षू म्हटलं नाही, ताईसुद्धा म्हटलं नाही.

परत निघाले तर कोणी अडवलं नाही आणि कोणी सोडायलाही आलं नाही. धक्क्यावरून येताना त्या बदामात दोन मुली फोटो काढत होत्या. पाड्यावरच्या नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘काकी, आमचा दोघींचा एक काढता का?’ काढला. पाठीमागचं पाणी फोटोत निळं आलं, प्रत्यक्षात काल ते तांबडं होतं.

कंपनीला आणि सरांना मी आज सगळं लिहून पाठवलंय. कागद, बेरजा, रेघ आधी कुठे होती, कोणी कुठे नेली, सगळं. ‘आम्ही’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘मी’ लिहिलंय.

तुझी पाठ दिसली, तेवढंही दोन महिन्यांत पहिल्यांदाच. अजूनही लिहिलंस तर मला चालेल. चालेल काय, हवंच आहे.

अक्षता

&nbsp;

कांदिवली,
१५ मार्च २०२६

नेत्रा,

हे पत्र मी महादूकाकांच्या हातून पाठवतेय आणि त्यांना सांगितलंय की तुला ते त्यांच्यासमोरच उघडायला लावावं. कारण यात तारीख आहे.

सरांनी मला या कंपनीच्या कामातून काढलं. नोकरी आहे, फक्त आता मी नाशिकच्या एका गोदामवाल्याचा अहवाल लिहिते. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘अक्षता, ये सब नेक्स्ट सायकल में देख लेते ना यार.’ नेक्स्ट सायकल म्हणजे २०२८. पण माझा मेल कंपनीच्या बोर्डापर्यंत गेला होता, त्यामुळे त्यांना दाबता आलं नाही.

कंपनीचं म्हणणं असं. जुने आकडे सहातून वजा करून उलटे करणं त्यांना मान्य नाही, लोकांच्या मनात काय होतं हे आता कसं ठरवणार म्हणतात. पाड्याला नव्याने विचारायचं. त्र्याण्णव घरांचे कागद आले, म्हणजे निम्म्या घरांचे, तर नवे आकडे धरायचे. पाणी रेघेवर गेलं तर याच वर्षीच्या अहवालात त्याला तारीख मिळेल. त्र्याण्णव झाले नाहीत तर ‘प्रतिसाद अपुरा’ असं लिहून जुनेच आकडे २०२८ पर्यंत चालू. शेवटचा दिवस ३१ मार्च.

कागद घेऊन शर्मिष्ठा येतेय, माझ्या ऑफिसातली. चांगली पोरगी आहे. चार दिवस ती पाड्यावर फिरली आणि नऊ कागद झाले. बाकीच्या घरांनी खिडकीतूनच सांगितलं, कागद नको, मागच्या वेळी लिहिलं त्याचं काय झालं ते बघितलं. बरोबर आहे त्यांचं. शर्मिष्ठा मावशीकडे गेली तर मावशी म्हणाली, ‘मी आता कोनाच्या दारात कागद न्हेनार नाय.’ तेही बरोबर आहे.

फॉर्म या वेळी मी आणि शर्मिष्ठाने बसून केला, सरांना न सांगता. त्यात गुण नाहीत आणि नंबरही नाहीत. शब्द आहेत. ‘खूप त्रास’, ‘थोडा त्रास’, ‘त्रास नाही’. ज्यावर खूण करायची त्यावर करायची. मी तो आमच्या वॉचमनला, भाजीवाल्याला आणि तळमजल्यावरच्या अबोलीच्या सासूबाईंना भरायला देऊन बघितला. तिघांनाही कळला. तू एकदा नजर घाल. तुला खटकलं तर शर्मिष्ठाला सांग, ती बदलेल.

आता ज्यासाठी लिहिलं ते. मावशी गेली तर दारं उघडतील. आता तर नक्कीच उघडतील, कारण तिचं बरोबर होतं हे सगळ्यांना माहीत आहे. आणि मावशी जाईल ती फक्त तू सांगितलंस तर. तू सांगणार नाहीस, कारण तुला वाटेल, अक्षता पुन्हा माझ्या आयला पुढे करतेय. खरं आहे. करतेय. मला दुसरा रस्ता दिसत नाही. तुझ्या मनात असंही येईल की हे सगळं करून अक्षताला परत घरात यायचंय. चार पत्रांत मी तेच मागत होते, नाही म्हणत नाही. रोज खालची पेटी उघडते, रविवारी अकराला उठून बसते, हेही खरं आहे.

तेवढं मी सोडते. म्हणजे या कामात माझा काही फायदा उरणार नाही आणि तुला आईला निर्धास्त सांगता येईल. मी पाड्यावर येणार नाही. पार्ल्याच्या बाजारात येणार नाही, मासे इथेच चारकोपला घेईन. त्र्याण्णव झाले की नाही ते मला शर्मिष्ठा सांगेल, तू कळवायचं नाहीस. मावशीने विचारलंच तर सांग, अक्षता आता इथली कोणी नाही, हे काम आपलं आहे. माझ्यावर रागावलेली राहा. तो राग सोड असं मी म्हणणार नाही.

मावशीला जिने चढवत नाहीत, तेवढी तू बरोबर राहा. संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा बायका घरात असतात. चौऱ्याऐंशी घरं राहिलीत आणि सोळा दिवस आहेत. मला उत्तर लिहायला बसू नकोस. तेवढ्या वेळात दोन घरं होतील.

अक्षता